शिक्का, बटण आणि मत

निवडणुकीच्या दिवसांत बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर दोन ओळखीची माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडं हवा कोणाची?" तुमचं मत कोणाला, असं सहसा कोणी विचारत नाही. तो आगाऊपणा समजला जातो. हवेबद्दल मात्र कितीही वेळ बोलता येतं, आणि हवेबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल बरंच काही सांगून जातो. शिक्षकाच्या नोकरीत असताना निवडणुकीची ड्यूटी चुकली नाही. निवृत्तीनंतर ड्यूटी सुटली, पण ऐकण्याची सवय सुटली नाही. २०२४ साली जिल्ह्यानं सात महिन्यांत दोनदा मतदान केलं, एप्रिलमध्ये लोकसभेला आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला. त्या काळात मी वही घेऊन फिरलो. पारावर, ओट्यावर, बाजार समितीच्या आवारात, न्हाव्याच्या दुकानात, वेचणीच्या वावरात जे ऐकलं ते या पुस्तकात आहे. त्याआधी वाचकाशी थोडं बोलायचं आहे.

मराठीत 'मत' हा शब्द दोन कामं करतो. मला जे वाटतं तेही मत आणि मी यंत्रात जे नोंदवतो तेही मत. इंग्रजीत ओपिनियन निराळं आणि व्होट निराळं. आपल्या भाषेनं जणू धरूनच ठेवलं आहे की मनात आहे तेच पेटीत पडणार. गावातली माणसं मात्र या दोन गोष्टींची गल्लत करत नाहीत. म्हातारी माणसं अजूनही विचारतात, "शिक्का कोणावर मारला?" तरुण विचारतात, "बटण कोणाचं दाबलं?" कागदी मतपत्रिका जाऊन वीस वर्षं झाली, तरी शिक्का हा शब्द गेला नाही. मत मांडायचं ते मांडायचं, शिक्का मारायचा तो मारायचा, यांमध्ये काहीतरी घडतं याची जाण त्या बोलण्यात आहे. ते काय घडतं, कुठं घडतं आणि कोणाच्या संगतीत घडतं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत असतो. २०२४ मध्ये त्यांची अध्यक्षीय निवडणूक ५ नोव्हेंबरला होती आणि आपली विधानसभेची २० नोव्हेंबरला. फोनवर तो सांगत होता की तिथं लोक घरासमोरच्या हिरवळीवर आपल्या उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. रस्त्यानं चालत गेलं तरी कोणतं घर कोणाचं ते कळतं. आमच्याकडं दारावर झेंडा लावणारं घर बहुधा कार्यकर्त्याचं असतं. बाकीच्या घरांवर काहीच नसतं, आणि त्या 'काहीच नाही'च्या आत सगळं असतं.

माणसाचं मत कसं ठरतं, या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेत फार आधी सुरू झाला. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत रूझवेल्ट विरुद्ध विल्की या निवडणुकीच्या वेळी मे ते नोव्हेंबर सुमारे सहाशे माणसांशी पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रांच्या प्रचारानं माणसं किती बदलतात हे त्यांना मोजायचं होतं. आढळलं निराळंच. प्रचारानं पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. बहुतेकांनी आपल्या घरच्या, शेजारच्या, चर्चमधल्या आणि कामावरच्या माणसांसारखंच मत दिलं, आणि वर्तमानपत्रातली गोष्टही त्यांच्यापर्यंत बरेचदा ओळखीच्याच एखाद्या माणसाच्या तोंडून आली. पुढं मिशिगन विद्यापीठातल्या चौघांनी १९६० मध्ये 'द अमेरिकन व्होटर' हा ग्रंथ काढला. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकन माणसाला पक्ष आईबापांकडून मिळतो, धर्म मिळावा तसा, आणि मग तो जगाकडं त्याच पक्षाच्या चष्म्यातून पाहतो. मुद्दे नंतर येतात, निष्ठा आधी असते.

हे वाचून मी बुलढाण्याकडं वळलो तेव्हा पहिली अडचण पक्षाचीच आली. पक्ष वारशानं मिळतो असं म्हटलं, तर तो पक्षच दुभंगला की वारसदारानं काय करायचं?

ही अडचण मी चिखली तालुक्यातल्या एका ओट्यावर डोळ्यांनी पाहिली. तारीख २५ एप्रिल २०२४, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान. सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी बाजेवर बसलेले. हातात मतदाराची चिठ्ठी, ती ते सारखी उलटसुलट करत होते. १९९६ पासून या घरानं लोकसभेला धनुष्यबाण सोडून दुसऱ्या कशावर शिक्का मारला नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडं दिला. आता यंत्रावर एका बाजूला धनुष्यबाणाचे प्रतापराव जाधव होते आणि दुसऱ्या बाजूला फुटलेल्या पक्षाच्या दुसऱ्या गटाच्या मशालीचे नरेंद्र खेडेकर. मुलगा बापाला समजावत होता. सून दारात बसून सुपात तूर पाखडत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. म्हातारबाबा माझ्याकडं वळून म्हणाले, "बाण सोडू का बाळासाहेबाचं घर सोडू, तुमीच सांगा गुरुजी." मी काय सांगणार? चिठ्ठीची त्यांनी बारीक घडी घातली आणि ती टोपीच्या दुमडीत खोचली. "सकाळी पाहू," म्हणाले. त्यांनी कोणाचं बटण दाबलं हे मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पण निष्ठा म्हणजे डोळे मिटून जाणं, असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला त्या दिवसापासून मान्य नाही. त्या माणसाला निष्ठेनंच विचार करायला लावलं होतं.

निकाल ४ जूनला लागला. जाधव ३,४९,८६७, खेडेकर ३,२०,३८८, अपक्ष रविकांत तुपकर २,४९,९६३, वंचित बहुजन आघाडीचे वसंतराव मगर ९८,४४१. जाधव २९,४७९ मतांनी निवडून आले. पाच वर्षांपूर्वी हेच अंतर १,३३,२८७ होतं. झालेल्या मतांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून कमी मतं विजयी उमेदवाराला पडली. एका अपक्षामागं अडीच लाख माणसं उभी राहिली, त्याच्याकडं ना जुनं चिन्ह होतं ना मोठ्या पक्षाची यंत्रणा. हा निकाल कोणत्याही एका सूत्रात बसत नाही, आणि म्हणूनच तो मला शिकवणारा वाटतो.

बुलढाण्याचा मतदार कसा आहे, असं विचारलं की बाहेरचे लोक दोन शब्दांत उत्तर देतात: जातीवर जातो. या उत्तराशी मला भांडायचं आहे, आणि भांडायला लोकसभेचा इतिहासच पुरेसा आहे. २००९ पर्यंत बुलढाणा हा अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ होता. १९८४ ला काँग्रेसचे मुकुल वासनिक निवडून आले, तेव्हा ते पंचविशीत होते. १९८९ ला भाजपचे सुखदेव नंदाजी काळे. १९९१ ला पुन्हा वासनिक. १९९६ ला शिवसेनेचे आनंदराव अडसूळ. १९९८ ला तिसऱ्यांदा वासनिक. १९९९ ला परत अडसूळ, आणि २००४ लाही तेच. १९८४ नंतरच्या लागोपाठ पाच निवडणुकांत या जिल्ह्यानं खासदार बदलला. राखीव जागेवर सगळे उमेदवार अनुसूचित जातींतलेच होते. मराठा, कुणबी, माळी, वंजारी, धनगर, बंजारा, मुसलमान या कोणालाच आपल्या जातीचा उमेदवार मतपत्रिकेवर नव्हता. तरी ती माणसं दर खेपेला मतदानाला गेली आणि दर खेपेला निराळा निकाल आणला. जात हेच एकमेव कारण असतं, तर त्या पंधरा वर्षांचा हिशेब लागत नाही.

मग कशानं लागतो? मला वाटतं, दोन गोष्टींनी. एक, देशात वारं कोणतं आहे याचा अंदाज. १९८९ आणि १९९१ मध्ये ते स्पष्ट दिसतं. दुसरी, आघाडी कोणाकोणाची झाली ही. १९९८ ला काँग्रेसनं रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्षाला सोबत घेतलं. शेजारच्या अकोल्यात प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीत रा. सू. गवई निवडून आले, बुलढाण्यात वासनिक आले आणि राज्यात काँग्रेसला एकटीला ३३ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी निघाली आणि बुलढाणा शिवसेनेकडं गेला. माणसं तीच, घरं तीच. पुढाऱ्यांनी मांडणी बदलली की निकाल बदलतो, आणि दोष मात्र मतदाराच्या चंचलपणाला दिला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं.

२००९ ला जागा खुली झाली. अडसूळ अमरावतीला गेले, वासनिक रामटेकला. तेव्हापासून मेहकरचे प्रतापराव जाधव सलग चार वेळा खासदार झाले, आणि जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्रीही. पंधरा वर्षं हेलकावे खाणारा मतदारसंघ २००९ पासूनची पंधरा वर्षं एका माणसाकडं राहिला. याचं उत्तर मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द यायचा: 'आपला माणूस'. लोकसभेला जिल्ह्यातलाच, घाटावरचा, आमदारकीपासून ओळखीचा माणूस उभा राहिला हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

'आपला' या शब्दावर या पुस्तकातली निम्मी पानं खर्च झाली आहेत. आपला म्हणजे कोण? कोणी म्हणतो, आपल्या जातीचा. कोणी म्हणतो, आपल्या तालुक्याचा. कोणी म्हणतो, रात्री दवाखान्याचं काम पडलं तर फोन उचलणारा. कोणी म्हणतो, मयताला येऊन बसणारा. शेतकरी आंदोलनातून आलेल्या तुपकरांना मत दिलेला एक तरुण म्हणाला, "आपल्या पिकाचा." मला ते उत्तर फार आवडलं. पिकालाही आपलं माणूस लागतं, ही जाणीव शेतकरी आंदोलनांनी दिली. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा पट्टा सोयाबीनचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर इथं कापसाचं राज्य. पूर्णेच्या काठचं खारपाण तर निराळंच दुःख. 'आपला' हा शब्द कधी जातीपुरता आखडतो, कधी पिकाएवढा पसरतो. मत ठरतं ते बहुतेक वेळा या आखडण्या-पसरण्यात ठरतं. धोरणाची तुलना करून, जाहीरनामा वाचून मत ठरवणारा माणूस मला भेटलाच नाही असं नाही. पण धोरणाकडंही तो 'हे कोणाचं भलं करायला निघालेत' याच प्रश्नानं पाहत होता.

जातीला मी कमी लेखतोय असा समज होऊ नये. ऐंशीच्या दशकात वसंतराव भागवत यांनी भाजपसाठी माळी, धनगर, वंजारी यांची 'माधव' मोट बांधली, तिचा परिणाम या जिल्ह्यात अजून दिसतो. अकोल्याहून आलेला प्रकाश आंबेडकरांचा बहुजनांची मोट बांधण्याचा प्रयोग इथंही रुजला. २०२४ च्या लोकसभेत विदर्भात दलित, मुस्लिम आणि कुणबी मतं एकत्र आल्याची चर्चा घराघरांत होती. आंबेडकरांच्या वंचितला बुलढाण्यात २०१९ ला १,७२,६२७ मतं होती, २०२४ ला ती लाखाच्या आत आली. बौद्ध वस्त्यांमध्ये त्या उन्हाळ्यात एकच शब्द ऐकू यायचा, संविधान. आपल्या जातीच्या पक्षाला मत द्यायचं की संविधानाला ज्याचा धोका वाटतो त्याला पाडणाऱ्याला द्यायचं, हा हिशेब तिथल्या माणसांनी मोठ्या गांभीर्यानं मांडला होता. एका मावशींनी मला तो बोटांवर मोजून समजावला. याला कोणी 'जातीवर गेले' म्हणत असेल, तर त्यानं ती बोटं पाहायला हवी होती.

विचार आणि शिक्का यांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मराठा सेवा संघाचे संस्थापक पुरुषोत्तम खेडेकर यांनी सिंदखेड राजाला चळवळीचं केंद्र केलं, १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाला तिथं लाखो माणसं जमू लागली, २००५ मध्ये त्याच दिवशी हिंदू धर्मापासून वेगळं होणाऱ्या शिवधर्माची घोषणा झाली. त्यांच्या पत्नी रेखाताई खेडेकर मात्र १९९५ पासून तीन वेळा चिखलीतून भाजपच्या आमदार होत्या. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते. चिखलीत मी विचारलं तेव्हा कोणाला ती दिसली नाही. ताईंचं काम निराळं, चळवळ निराळी, हे लोकांनी सहज स्वीकारलेलं. मत या एका शब्दाच्या दोन अर्थांमधली फट यापेक्षा स्पष्ट कुठं दिसणार?

आता भेंडवळबद्दल. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखतात, भोवती अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, भजं, करंजी, आणि खाली पानविडा. रात्रभरात काय हललं, काय भिजलं ते पहाटे पाहून पाऊस, पीक, रोगराई यांचं भाकीत सांगतात. पानविडा म्हणजे राजा. तो जागेवर असेल तर राजा कायम. मी या भाकितावर विश्वास ठेवत नाही आणि विद्यार्थ्यांनाही ठेवू नका असंच सांगत आलो. पण त्या मांडणीत एक गोष्ट मला नेहमी थांबवते: राजा तिथं पावसाच्या आणि किडीच्या ओळीत मांडलेला असतो. शेतकऱ्याच्या लेखी सरकार ही हवामानासारखीच एक गोष्ट आहे, वर्ष बरं गेलं की नाही ते ठरवणारी.

ख्रिस्तोफर अकेन आणि लॅरी बार्टल्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात जवळपास हाच मुद्दा मतदाराच्या विरोधात वापरला आहे. दुष्काळ पडला, पूर आला की मतदार सत्ताधाऱ्याला शिक्षा करतो, मग त्याचा दोष असो वा नसो. १९१६ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी माणसं मारली, आणि त्या किनाऱ्यावरच्या गावांत अध्यक्ष विल्सन यांची मतं घटली, असा त्यांचा दावा आहे. त्या दाव्यावर पुढं बराच वाद झाला. तो वाद अभ्यासकांचा, पण त्यातला निष्कर्ष आपल्याकडं उचलून आणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सोयाबीनचा भाव म्हणजे शार्क मासा नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढं गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवीन माल येईपर्यंत भाव खाली आला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत शेतकरी चार हजारांच्या आसपास माल घालत होते. खाद्यतेलावरचं आयात शुल्क कमी ठेवायचं की वाढवायचं हे आकाशातून ठरत नाही. ते सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलं, तेव्हा उशीर झाल्याचं चहाच्या टपरीवरचा शेतकरीही सांगत होता. हवामानाचा दोष राजावर टाकणं वेगळं आणि राजाच्या निर्णयाचा दोष राजावर टाकणं वेगळं. आमच्या शेतकऱ्याला हा फरक कळतो. कधीकधी अभ्यासकांपेक्षा बरा कळतो.

मग नोव्हेंबरमध्ये काय झालं, हा प्रश्न येतोच. भाव पडलेला, शेतकरी चिडलेला, आणि तरी विधानसभेला जिल्ह्यातल्या सातपैकी सहा जागा सत्ताधारी महायुतीनं जिंकल्या. याचं उत्तर मला वावरात मिळालं.

ऑक्टोबरच्या शेवटी संग्रामपूर तालुक्यात कापसाची वेचणी चालू होती. सकाळचं दव पडलेलं, बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या. एक पन्नाशीच्या बाई बांधावर पाणी प्यायला आल्या. मी बायकांच्या खात्यात दरमहा पैसे देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचं विचारलं. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ त्यांनी सोडली, आत प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक. ते उघडून त्यांनी मला नाव दाखवलं. रक्षाबंधनाच्या तोंडावर आलेले तीन हजार, मग पुढचे हप्ते. "हे पाहा, माह्या नावानं आले. एवढ्या वर्षात माह्या नावानं काहीच आलं नोतं." मी म्हटलं, कापसाचं काय? त्यांनी पासबुक परत गाठीत बांधलं. "थे वेगळं. थ्याचं भांडन आहेच."

पंधराशे रुपयांत बायकांची मतं विकत घेतली, असं शहरात बसून लिहिणाऱ्यांनी त्या गाठीकडं पाहिलेलं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. तिथून पासबुकावरच्या नावापर्यंत सत्तरहून जास्त वर्षं लागली. त्या बाईंना पैसे मिळाले, त्याहून अधिक म्हणजे सरकारनं त्यांना नावानं ओळखलं. ही योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपणारी की नाही, यावर माझी स्वतःची मतं आहेत, आणि ती फार अनुकूल नाहीत. पण त्या बाईंच्या शिक्क्यामागं लाचारी होती असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात कापूस आणि पासबुक या दोन्ही गोष्टी होत्या. त्या वेळी त्यांनी एक वर ठेवली. दुसरी टाकून दिली नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. मतदानाच्या आदल्या रात्री वाटप होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते निंद्यच आहे. मात्र पैसे घेतलेला माणूस बटणही तेच दाबतो, असा समज वाटणाऱ्यांचासुद्धा उरलेला नाही. न वाटल्यास नाराजी होते म्हणून वाटतात, असं एका जुन्या कार्यकर्त्यानं मला सांगितलं. मोबाइलचंही तसंच. संदेश हजार येतात, पण त्यातला कोणता खरा मानायचा हे बहुतेक जण तो कोणी पाठवला त्यावरून ठरवतात. लाझार्सफेल्डना १९४० मध्ये जे दिसलं तेच हे, रेडिओच्या जागी फोन आला इतकंच.

या पुस्तकात दोन प्रकरणं बाहेर गेलेल्यांवर आहेत. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या भागांतली कितीतरी कुटुंबं पुण्याला बांधकामावर आणि कारखान्यांत, काही ऊसतोडीला. त्यांची नावं गावच्या यादीत आणि जगणं दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांना आणायला गाड्या जातात. गाडीत बसून रात्रभर प्रवास करणारा माणूस गाडी पाठवणाऱ्यालाच मत देतो का, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि जसंच्या तसं लिहिलं आहे. बुलढाणा विधानसभेत संजय गायकवाड यांनी जयश्री शेळके यांचा अवघ्या ८४१ मतांनी पराभव केला. मतदारसंघातल्या केंद्रांत ती मतं वाटली तर एकेका केंद्राच्या वाट्याला दोन-तीन मतं येतात. एका गाडीत त्याहून जास्त माणसं बसतात. आणि ज्या मेहकरनं जाधवांना घडवलं, तिथं त्यांच्याच पक्षाचे तीन वेळचे आमदार संजय रायमुलकर पडले आणि मशालीचे सिद्धार्थ खरात निवडून आले. सिंदखेड राजात राजेंद्र शिंगणे यांच्यासारखा जुना माणूस मनोज कायंदे यांच्याकडून हरला. जिल्ह्यातल्या हवेवरून या तिन्ही जागा सांगता आल्या नसत्या. प्रत्येक ठिकाणी 'आपला' कोण, याचं उत्तर निराळं निघालं.

आपल्या देशात या विषयाचा अभ्यास झालेला आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये 'व्होट बँक' हा शब्द वापरला, तो पुढं मतपेढी होऊन आपल्या बोलण्यात आला. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत सीएसडीएस ही संस्था काढली आणि १९६७ पासून तिथं देशभरातल्या मतदारांची पाहणी सुरू झाली. पुण्यातून सुहास पळशीकर यांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या आकड्यांशी स्पर्धा करण्याची माझी पात्रता नाही. माझ्याकडं नमुना नाही, टक्केवारी नाही. माझ्याकडं बोलणी आहेत. ज्यांनी ती माझ्याशी केली त्यांची आणि त्यांच्या गावांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. मत गुप्त असतं, आणि विश्वासानं बोललेलंही गुप्तच राहायला हवं.

एक प्रसंग सांगून थांबतो. १८ एप्रिल २०१९, लोकसभेचं मतदान. घाटाखालच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. दुपारी बारा-एकची वेळ, उन्हामुळं रांग मोडलेली. एक म्हातारी आजी मुलाचा हात धरून आली. दिसायला कमी आहे, मी सोबत आत जातो, असं मुलाचं म्हणणं होतं. आजीला विचारलं, "दिसतं का आजी?" "दिसते ना," म्हणाली. मुलगा दारात थांबला. शाई लावताना तिनं बोट ताठ धरलं. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली आणि बराच वेळ आवाज आला नाही. माझा सहकारी उठायला लागला, त्याला मी बसवलं. मग यंत्राचा तो लांब आवाज आला. आजी तरी हलली नाही. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खाली पडते. आजी वाकून ती काच पाहत उभी होती. चिठ्ठी पडल्यावर बाहेर आली. दारात मुलानं हळूच विचारलं, "कोनाचं दाबलं वं माय?"

"दाबलं," आजी म्हणाली, आणि आपल्या चपला शोधू लागली.